'च' काढून बघा!

एप्रिल महिना आला की कुठल्याही ऑफिसच्या पँट्रीत जाऊन पाच मिनिटं नुसतं उभं राहा. कॉफी मशिनच्या घरघरीतून एकच राग ऐकू येतो. अप्रेझलची पत्रं नुकतीच वाटून झालेली असतात. 'वर्षभर गाढवासारखं राबायचं मीच, आणि रेटिंग कुणाला? तर त्या चमच्याला!' 'माझ्याच नशिबी असे बॉस कसे येतात गं?' 'यंदा प्रमोशन मिळायलाच हवं होतं.' 'आता सहानंतर एक मिनिट थांबणार नाही म्हणजे नाहीच!'

तक्रार खरी की खोटी, हा भाग सोडा. पुष्कळदा खरी असते. पण या चारही वाक्यांत एक अक्षर सारखं आहे, लक्षात आलं? 'च'. मराठीत हे अक्षर फार सोयीचं. इंग्रजी माणसाला हट्ट करायला 'मस्ट' लागतं, 'शुड' लागतं, 'ओन्ली' आणि 'नेव्हर' लागतं. आपलं सगळं एका 'च'वर भागतं. 'मला प्रमोशन हवं' ही इच्छा झाली. 'मला प्रमोशन हवंच' म्हटलं की तीच इच्छा कंबरेवर हात ठेवून उभी राहते आणि जगाकडून वसुली करायला निघते. जग काही देत नाही. मग उरतो तो दुसरा 'च'. माझ्याच बाबतीत असं का?

या 'च'च्या मागे एक माणूस आयुष्यभर हात धुऊन लागला होता. त्याला मराठी येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

बागेतला महिना

अल्बर्ट एलिस. जन्म १९१३, पिट्सबर्ग. वाढला न्यूयॉर्कमध्ये. लहानपणी मूत्रपिंडाचा आजार. पाच ते सात या वयात पुन:पुन्हा हॉस्पिटलमध्ये भरती आणि त्यातला एक मुक्काम तर जवळजवळ वर्षभराचा. आई-वडील भेटायला क्वचित यायचे. स्वत:ची कीव करत बसायला याहून चांगलं भांडवल कुणाला मिळेल?

वयात आल्यावर हा मुलगा भयंकर लाजाळू निघाला. मुलींशी बोलायचं म्हटलं की घाम. एकोणीस वर्षांचा असताना त्याने स्वत:लाच होमवर्क दिलं. ब्राँक्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये रोज जायचं, बाकावर एकटी बसलेली कुणी स्त्री दिसली की शेजारी जाऊन बसायचं आणि एक मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. त्याने नंतर सांगितलेला हिशोब असा: महिनाभरात १३० जणी. त्यातल्या ३० जणी लगेच उठून गेल्या. उरलेल्या १०० जणींशी बोलणं झालं. डेटला 'हो' म्हणाली फक्त एक आणि तीही आली नाही!

(आजच्या काळात कुणी हे तसंच्या तसं करू नये. बागेत एकट्या बसलेल्या बाईला शांतपणे बसू द्यावं. मुद्दा वेगळा आहे.)

मुद्दा असा की एलिसच्या हिशोबात हा महिना फुकट गेला नव्हता. कुणी ओरडलं नाही, कुणी पोलीस बोलावला नाही, शंभर वेळा नकार पचवून तो संध्याकाळी घरी जाऊन जेवत होता. 'नकार मिळाला तर मेलोच' यातला 'च' त्याने विचार करकरून घालवला नाही. रोज बागेत जाऊन घालवला. पुढे तो मानसशास्त्रज्ञ झाला, रुग्णाला कोचावर झोपवून बालपण उकरण्याचं मनोविश्लेषणाचं काम काही वर्षं केलं, त्याला कंटाळला आणि १९५५ मध्ये त्याने स्वत:ची पद्धत मांडली. आज ती आरईबीटी म्हणून ओळखली जाते. मराठीत विवेकनिष्ठ उपचारपद्धती. ठाण्यात १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू करणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी व्याख्यानांतून आणि पुस्तकांतून ती मराठी घरांत पोचवली. डॉ. अंजली जोशी यांची 'मी अल्बर्ट एलिस' ही तर चक्क कादंबरी आहे. त्यामुळे ही काही फार परकी गोष्ट उरलेली नाही.

सूत्र अगदी शाळकरी आहे. ए, बी, सी. 'ए' म्हणजे घटना. 'सी' म्हणजे आपली भावना आणि वागणं. आपण समजतो 'ए'मुळे 'सी' होतं. एलिस म्हणतो, मध्ये 'बी' आहे, त्या घटनेबद्दलची तुमची समजूत. संध्याकाळी सहाला बॉसचा मेसेज येतो, 'उद्या सकाळी दहाला भेट.' बस्स, एवढंच. एकाची रात्र बरबाद होते, दुसरा 'नवीन प्रोजेक्ट असेल' म्हणून पाणीपुरी खायला जातो. मेसेज तोच! हे त्याचं स्वत:चं संशोधन नव्हे, हेही तो सांगायचा. गुलामगिरीत वाढलेला एपिक्टेटस नावाचा तत्त्वज्ञ दोन हजार वर्षांपूर्वी जवळपास हेच सांगून गेला होता.

एलिसच्या मते आपल्या डोक्यात तीन प्रकारच्या मागण्या असतात. मी उत्तमच असलं पाहिजे. तुम्ही माझ्याशी नीटच वागलं पाहिजे. आणि जग सोपंच असलं पाहिजे. पहिलीतून न्यूनगंड, दुसरीतून संताप आणि तिसरीतून रडगाणं. या 'मस्ट मस्ट' करण्याच्या सवयीला त्याने एक चावट इंग्रजी शब्दही तयार केला होता. माणूस तोंडाने फटकळ होता. तो शब्द इथे छापण्यासारखा नाही. ज्यांना हवा ते शोधतीलच.

कीव नावाची बीन बॅग

रडगाण्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण राग लोकांना दिसतो, ही दिसत नाही. स्वत:ची कीव ही बीन बॅगसारखी असते. बसताना काय सुख! उठताना मारामार. ती सोडवत नाही याला कारण आहे. तिच्यात आपण नेहमी बरोबर असतो. सगळ्या गोष्टीत खलनायक दुसरा, आणि काही करायची जबाबदारीही दुसऱ्याचीच. बॉसने माफी मागावी, एचआरने फोन करावा, एक्सने परत यावं. तोवर मी बसून आहे. तोवर मी काही करणं म्हणजे जणू त्यांना सूट देणं!

माझा एक कॉलेजचा मित्र असा बसला होता. तेहतीस वर्षांचा, डोंबिवलीला आई-वडील आणि बायकोबरोबर राहणारा, डोक्यावर फ्लॅटचा हप्ता. कंपनीचं नाव सांगत नाही. नोव्हेंबरात तिने एका दुपारी चाळीस जणांना नारळ दिला, त्यात हा. सात वर्षं झाली होती. अन्याय होता का? माझ्या मते होता. पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर सात वर्षांचा हिशोब संपवणं याला दुसरा शब्द नाही.

पण त्याने काय केलं? आई-बाबांना सांगितलंच नाही. रोज सकाळी आठला इस्त्रीचा शर्ट घालून, डबा आणि लॅपटॉपची बॅग घेऊन बाहेर पडायचा, ठाण्याला उतरायचा आणि मॉलच्या फूड कोर्टात संध्याकाळपर्यंत बसायचा. बायकोला माहीत होतं. तिची अवस्था तर विचारूच नका. घरात सासू-सासऱ्यांसमोर दोन महिने नाटक वठवत होती. मी शनिवारी भेटले की एकच रेकॉर्ड. 'मला काढूच कसं शकतात?' 'मी टीम लीड होतो, त्याच्या खालची पोस्ट घेणारच नाही.' 'ओळखीच्यांकडे हात पसरणारच नाही.' दोन इंटरव्ह्यू आले, तेही सोडले. एका ठिकाणी पगार कमी होता, दुसऱ्या ठिकाणी मॅनेजर वयाने लहान होता. शिल्लक वितळत होती. शेवटी बायको म्हणाली, 'महिनाअखेर तू सांगितलं नाहीस तर मी सांगणार आहे आईंना.' तेव्हा कुठे गडी एका समुपदेशक बाईंकडे जायला तयार झाला, तोही 'एकदाच येईन' या अटीवर.

बाईंनी त्याला पॉझिटिव्ह थिंकिंगचं एक वाक्य सांगितलं नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. त्यांनी एक शंभर पानी वही घ्यायला सांगितली. रोज रात्री उद्याचं एक काम लिहायचं. दहा मिनिटांत होणारं. सकाळी मूड कसा आहे हे न विचारता ते करायचं. झालं की पुढे बरोबरची खूण. बस. आणि दिवसभरात तोंडातून 'च' निघाला की तो डाव्या पानावर लिहायचा, मग तेच वाक्य उजव्या पानावर 'च' काढून.

'हे काय बालवाडीतलं!' तो मला म्हणाला. पण केलं. पहिल्या दिवशी काम काय, तर स्वत:चा शर्ट स्वत: इस्त्री करणं. दुसऱ्या दिवशी सीव्हीतली एक ओळ बदलणं. एक ओळ! तिसऱ्या दिवशी बायकोबरोबर खाली उतरून दूध आणणं. नवव्या दिवशी एका जुन्या कलीगला फोन. नोकरी मागायची नाही, फक्त 'कसा आहेस' एवढं विचारायचं. फोन लावला तर कळलं, त्या कलीगलाही महिन्यापूर्वी नारळ मिळालाय आणि तोही कुणाला तोंड दाखवत नाहीये. दोघं चाळीस मिनिटं बोलले. दहा मिनिटांचा नियम मोडला, बाईंनी माफ केलं.

वही त्याने मला एकदा दाखवली. डाव्या पानावर: 'टीम लीडच्या खालची पोस्ट घेणारच नाही.' उजव्या पानावर: 'टीम लीडच्या खालची पोस्ट घेणार नाही.' आणि त्याखाली बारीक अक्षरात: 'का?' मला वाटतं, सगळी आरईबीटी त्या एका प्रश्नचिन्हात आहे. 'च' असेपर्यंत 'का' विचारताच येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात वहीत काम लिहिलं होतं: 'बाबांना सांगणं.' बाबा बँकेतून रिटायर झालेले, चौतीस वर्षं डोंबिवली-व्हीटी केलेला माणूस. संध्याकाळी ते मटार सोलत बसले होते. हा शेजारी बसला, चार शेंगा सोलल्या आणि म्हणाला, 'बाबा, माझी नोकरी गेलीय.' बाबा मान वर न करता म्हणाले, 'तुझा पास जानेवारीतच संपलाय. टीव्हीजवळ पडलेला असतो, रोज बघतो मी. म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल.' मग म्हणाले, 'हप्त्याचं काय करतोयस?'

जूनमध्ये त्याला एका लहान कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर काम मिळालं. पद एक पायरी खाली, पगार आधीच्या पाऊणपट. अजून कुरकुरतो. पण तिकीट काढून फूड कोर्टात बसत नाही.

आधी हात, मग मूड

बाईंनी जे केलं त्याला शास्त्रात एक भारदस्त नाव आहे, बिहेवियरल ॲक्टिव्हेशन. साध्या मराठीत, मूड येण्याची वाट न बघता कृतीला लागणं. आपण उलटं समजतो. बरं वाटलं की व्यायाम करेन, उत्साह आला की कपाट आवरेन. १९७० च्या दशकात पीटर लेविनसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडलं की माणूस उदास झाला की गोष्टी करणं सोडतो, गोष्टी सोडल्या की त्यातून मिळणारा आनंद आटतो, आणि मग तो आणखी उदास होतो. हे चक्र कुठून तोडायचं? जिथे हात पोचतो तिथून.

१९९६ मध्ये सिॲटलला नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी डिप्रेशनच्या दीडशेच्या आसपास रुग्णांवर एक अभ्यास केला. विचारपद्धती बदलण्याचे सगळे उपचार एका गटाला, आणि दुसऱ्या गटाला त्यातला फक्त कृतीचा भाग. दुसरा गट मागे पडलाच नाही. म्हणजे ज्या ॲरन बेक यांनी विचार तपासण्याची शिस्त जगाला दिली, त्यांच्या उपचारातला हा 'साधा' तुकडा एकटाही तेवढंच काम करत होता.

पण मला जास्त आवडलेली गोष्ट आपल्या शेजारची आहे. गोव्यात 'संगत' नावाची संस्था आहे, डॉ. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. तिथल्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत डिप्रेशनच्या सुमारे पाचशे रुग्णांवर एक चाचणी झाली. समुपदेशक कोण, तर डॉक्टर नव्हेत, मानसशास्त्रज्ञही नव्हेत. प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं. सहा ते आठ भेटी, आणि भर याच गोष्टीवर, छोट्या छोट्या कृती पुन्हा सुरू करण्यावर. तीन महिन्यांनी पाहिलं तर या गटातले ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांवर असलेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. पणजीपासून तासाभरावरच्या गावात जे चाललं ते वाकडच्या फ्लॅटमध्ये का चालू नये?

आता 'छोटी' म्हणजे किती छोटी, यावर आपली फसगत होते. आपण सोमवारपासून सुरू करणारी जमात. जिमचं वर्षाचं पॅकेज, पहाटे पाचचा गजर, साखर बंद, सोशल मीडिया बंद. गुरुवारी सगळं कोसळतं आणि 'माझ्याच्याने काही होणारच नाही' म्हणून परत बीन बॅग. माझं मत विचाराल तर काम इतकं लहान हवं की सांगायला लाज वाटावी. चहाचा कप स्वत: विसळणं. स्टेशनवरून रिक्षाऐवजी एक दिवस चालत येणं. न उघडलेल्या बँकेच्या मेलपैकी एक उघडणं, फक्त उघडणं. ज्या बहिणीशी सहा महिने अबोला आहे तिला आंब्याच्या पेटीचा फोटो पाठवणं, मजकूर काही नाही.

आणि ते एकवीस दिवसांचं गणित विसरा. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० च्या पुस्तकात लिहिलं होतं की रुग्णाला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी एकवीस दिवस लागतात. त्यातलं 'कमीत कमी' गळलं, चेहराही गळला, आणि सेमिनारवाल्यांनी उरलेल्याचं सोनं केलं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये आला. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले. कुणाला १८, कुणाला अंदाजे २५४! त्यातली खरी दिलाशाची गोष्ट अशी की मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून काही बिघडलं नाही. 'रोज म्हणजे रोजच' यातलाही 'च' काढलेला चालतो तर!

केळ्याला दोरी

एलिसकडे यापुढचं प्रकरण होतं. लाजेवर हल्ला. तो लोकांना असले उद्योग सांगायचा की बस्स. केळ्याला दोरी बांधून कुत्र्यासारखं रस्त्यातून फिरवा. सबवेमध्ये प्रत्येक स्टेशनचं नाव मोठ्याने ओरडा. लोक हसतील, आणि तुम्ही जिवंत राहाल. 'लोक काय म्हणतीलच' यावरचं औषध. आपल्याकडे मुंबईच्या लोकलमध्ये हे चालायचं नाही. तिथे आधीच एक भजनी मंडळ, दोन कानातलीवाल्या आणि फोनवर भांडणारा एक नवरा असतो. तुम्ही 'कांजूरमार्ग!' असं ओरडलात तर कुणी मान वर करणार नाही. उलट 'उतरणार आहात का?' विचारतील. आपल्या लाजेची ठिकाणं वेगळी. मीटिंगमध्ये 'मला हे समजलं नाही' म्हणणं. मित्रांच्या ग्रुपमध्ये 'मला हे रेस्टॉरंट परवडत नाही' म्हणणं. करून बघा एकदा. केळं परवडलं, असं वाटेल.

एक गोष्ट मात्र नीट वेगळी ठेवू या. दोन-तीन आठवडे सलग झोप लागत नाही, भूक गेली आहे, आवडीच्या कशातच मन लागत नाही, जगावंसं वाटत नाही, याला रडगाणं म्हणायचं नाही. तो आजार असू शकतो. त्यावर वही पुरत नाही, डॉक्टर लागतो. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, कधीही लावा, मराठीतही बोलता येतं. आणि अशा माणसाला 'जरा च काढून बघ' असा सल्ला देणाऱ्या मित्राला चार शब्द सुनवा.

दुसरा गैरसमज मला जास्त खटकतो. 'च' काढायचा म्हणजे बॉसने काहीही केलं तरी गप्प बसायचं का? एचआरच्या शिबिरात ही सगळी विद्या नेमकी अशाच अर्थाने शिकवली जाते, म्हणून विचारते. तर, नाही. मला न्याय हवा, तो मिळवायला मी धडपडेन, यात 'च' कुठे आहे? 'च' आहे तो 'न्याय मिळेपर्यंत मी जेवणारच नाही' यात.

यावर एलिसचंच उदाहरण आहे. त्याने १९५९ मध्ये उभी केलेली संस्था मॅनहॅटनमध्ये होती. तिथे तो दर शुक्रवारी संध्याकाळी लोकांसमोर, स्टेजवर समुपदेशन करायचा. किती तरी वर्षं तिकीट होतं पाच डॉलर. २००५ मध्ये त्याच्याच नावाच्या या संस्थेच्या संचालक मंडळाने त्याला मंडळावरून काढलं आणि शुक्रवारचं सत्रही बंद केलं. वय ब्याण्णवच्या घरात, मधुमेह, ऐकू कमी येत होतं. त्याने कोर्टात दावा ठोकला, आणि जानेवारी २००६ मध्ये न्यायाधीशांनी त्याला मंडळावर परत बसवलं. मधले महिने तो काय करत होता? शेजारच्या इमारतीत एक जागा भाड्याने घेतली होती. शुक्रवार संध्याकाळ झाली की तिथे खुर्च्या मांडल्या जायच्या.